पुस्तकात न मावलेले मासे

आमचं पुस्तक छापून आलं, त्या दिवशी मला एक गोष्ट खटकली. पुस्तकात प्रत्येक माशाला एक पान दिलंय. चित्र, फोटो, नाव, कुठं सापडतो, काय खातो, सगळं व्यवस्थित. पण तो मासा आमच्यापर्यंत पोचला कसा, हे मात्र कुठंच नाही! आणि खरी मजा तर तिथंच होती.

तीन वर्षं आम्ही चौघं हिंगोली जिल्ह्यातल्या नद्या, नाले, तलाव पालथे घालत होतो. त्यात मासे जमले तेवढेच किस्सेही जमले. माशांना निदान बाटल्या होत्या. किस्से कुठं ठेवायचे? आता चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, "त्या दिवशीचं आठवतं का?" आणि चहा तसाच थंड होतो.

आम्ही चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी हिंगोलीत एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आडनाव खिल्लारे. चित्रं काढली कुलकर्णी सरांनी. ते शाळेतून रिटायर झालेले चित्रकलेचे शिक्षक. फोटो रफिकभाईंचे. त्यांचा खरा धंदा लग्नाच्या फोटोंचा. आणि चौथे भुजंगमामा, पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणात चाळीस वर्षं जाळं टाकणारे. आमच्या चौघांत माशांचं खरं कळत होतं ते त्यांनाच. पण हे आम्हाला जरा उशिरा कळलं.

*

सुरुवात एका प्रश्नानं झाली.

प्रॅक्टिकलचा तास होता. बरणीतला शार्क टेबलावर ठेवून मी त्याचे कल्ले दाखवत होते. तो शार्क माझ्या आधीपासून कॉलेजात आहे. सोळा वर्षं मी त्याच्याच जिवावर मासे शिकवले!

पूर्णेकाठच्या एका गावातली मुलगी मागच्या बाकावरून उठली.

"मॅडम, समुद्र आपल्यापासून किती लांब हाय?"

"खूप लांब."

"मंग आपुन याला काहून शिकून राहिलो? माझ्या घरामागं नदी हाय. तिच्यातले मासे या पुस्तकात काहून न्हाईत?"

वर्ग हसला. तिनं मात्र पिशवीतून पाण्याची बाटली काढली. बाटलीत बोटभर लांबीचा, चांदीसारखा चमकणारा एक जिवंत मासा होता.

"याचं नाव सांगा ना, मॅडम."

मी चष्मा काढला. पुसला. परत घातला. माशात काहीच फरक पडला नाही. तो माझ्याकडं बघत होता, वर्ग माझ्याकडं बघत होता.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

तो उद्या यायला तीन वर्षं लागली!

*

मासे गोळा करायला मी पहिल्यांदा गेले ती जवळा बाजारच्या आठवडी बाजारात. तिथं गयाबाई बसतात. भुजंगमामांची ही धाकटी बहीण. समोर ओलं पोतं, पोत्यावर मासे, हातात विळी, आणि तोंड विळीपेक्षा धारदार.

मी म्हणाले, "बाई, प्रत्येक जातीचा एक-एक द्या."

त्यांनी वर पाहिलं. "एक-एक काहून? घरात एकच माणूस हाय का?"

"खायला नाही हो. अभ्यासाला पाहिजेत."

"अभ्यासाला?"

मी सगळं समजावून सांगितलं. मासा औषधात घालायचा, बरणीत ठेवायचा, वर चिठ्ठी लावायची. म्हणजे वर्षानुवर्षं टिकतो. गयाबाई विळी खाली ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं, चला, बाईंना गोडी लागली!

"मंजी शिजवायचा न्हाई?"

"नाही."

"तळायचा बी न्हाई?"

"नाही."

"नुस्ता पाहायचा?"

"हो."

त्या दिवशी त्यांनी मला मासे दिले, पण चेहरा पडलेला. पुढच्या बाजाराला मी गेले, तर माझ्यासाठी एक वेगळी पिशवी बांधून ठेवलेली. मी खूश! उघडून पाहिलं तर सगळे चिरडलेले, सुकलेले, एकाची शेपटी अर्धीच.

"गयाबाई, हे काय? तिकडं एवढे ताजे पडलेत की!"

"ते खाणाऱ्याचे हायत," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचे तं बाटलीतच बसणार. त्याहीला ताज्याचं काय करायचं?"

*

मामांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्याकडं एक तक्ता होता. एका बाजूला शास्त्रीय नाव, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा. तिथं स्थानिक नाव भरायचं. काम सोपं वाटत होतं.

धरणाच्या काठावर मामांनी नुकतंच जाळं ओढलं होतं. मोठ्या माशांची नावं त्यांनी पटापट सांगितली. मरळ, वाम, शिंगाडा, मांगूर. मी लिहून घेतली. मग पाटीच्या तळाशी राहिलेल्या चिल्लर माशांकडं आलो.

मी एक उचलला. "हा कोणता?"

"हा बारीक."

मी 'बारीक' लिहिलं. दुसरा उचलला. "आणि हा?"

"हा बी बारीक."

"आणि हा?"

मामांनी जरा विचार केला. "हा लई बारीक."

मी पेन बंद केलं. माझ्या पुस्तकांप्रमाणे त्या पाटीत किमान सहा वेगवेगळ्या जाती होत्या. आणि ज्याच्या भरवशावर आले, त्या माणसाकडं सहाही जातींना मिळून एकच नाव! हिंगोलीहून एवढ्या लांब येऊन हाती काय लागलं, तर बारीक आणि लई बारीक.

माझा चेहरा मामांनी वाचला असावा. त्यांनी सहा वाट्या मागवल्या. शेजारच्या टपरीवरून चहाचे सहा रिकामे ग्लास आले. मामांनी उपरणं डोळ्यांवरून घट्ट बांधलं आणि पाटीत हात घातला.

एकेक मासा बोटांत धरायचे, अंगठा एकदा पाठीवरून फिरवायचे आणि ग्लासात टाकायचे. हा इथं, हा तिथं, हा परत पहिल्यात. एकदाही थांबले नाहीत. पाच-सात मिनिटांत पाटी रिकामी झाली.

मी भिंग घेऊन बसले. एकेक ग्लास तपासला. काट्यांची संख्या मोजली, तोंडाचा आकार पाहिला. सहा ग्लासांत सहा जाती. एकही मासा चुकीच्या ग्लासात नव्हता!

"मामा, हे वेगवेगळे आहेत हे तुम्हाला माहीत होतं? मग नावं का नाहीत?"

मामांनी उपरणं सोडलं. "मॅडम, आमच्या गल्लीत लेकरं लई हायत. सगळ्याचे नावं मला येत न्हाईत. पण कोणतं कुणाचं हाय, ते बराबर सांगतो."

तो तक्ता मी तिथंच घडी करून पर्समध्ये टाकला. त्यानंतर मामांना मी नावं विचारली नाहीत. विचारलं ते एवढंच, की तुम्ही हा ओळखता कसा? आमच्या पुस्तकात प्रत्येक पानावर 'हाताला कसा लागतो' अशी एक ओळ आहे, ती तिथून आली.

*

आता रफिकभाई.

रफिकभाईंनी हिंगोलीतल्या अर्ध्या संसारांचे अल्बम बनवलेत. माशांचे फोटो काढायचे म्हटल्यावर त्यांनी काचेची एक छोटी टाकी बनवून आणली, मागं काळं कापड लावलं, दोन्ही बाजूंनी लाइट. मासा टाकीत सोडला की ते कॅमेऱ्यामागून सुरू व्हायचे.

"हां, जरा इधर... गर्दन सीधी... अरे, पलटू नक्को! हां, बस, बस, ऐसाच रुक!"

मी म्हणाले, "रफिकभाई, माशाला मान नसते."

"मॅडम, आदत है. बोले बिना बटन दबता नहीं मेरा."

पहिल्या महिन्याचे फोटो त्यांनी पेन ड्राइव्हमध्ये आणले. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर लावले. मी आणि कुलकर्णी सर शेजारी शेजारी बसलो. पहिला फोटो उघडला आणि आम्ही दोघंही खुर्च्या पुढं ओढून बसलो.

इतका सुंदर मासा मी जन्मात पाहिला नव्हता! गोरापान. तुकतुकीत. मोत्यासारखा.

"हा कोणता आहे?" सरांनी हळूच विचारलं.

मला ओळखता येईना. दुसरा फोटो उघडला. तोही गोरा. तिसराही गोरा. पंधरा मासे, पंधराही एकाच घरातले सख्खे भाऊ वाटत होते.

"रफिकभाई, त्या लहान माशाच्या अंगावर दोन काळे ठिपके होते. एक कल्ल्याजवळ, एक शेपटीजवळ. ते कुठं गेले?"

रफिकभाईंचा चेहरा उजळला. कुणीतरी बारकाईनं पाहिलं म्हणून!

"वो दाग? सब निकाल दिया, मॅडम! एकेक पे आधा-आधा घंटा बैठा."

मी डोकं धरलं. "अहो, त्या ठिपक्यांवरूनच तर तो मासा ओळखायचा!"

रफिकभाईंनी एकदा स्क्रीनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाले, "मॅडम, पच्चीस साल में पहिली बार किसीने दाग मांगा!"

*

तज्ज्ञांचा किस्सा सांगताना मामा अजून लाजतात.

कयाधू नदीच्या एका खडकाळ पट्ट्यात आम्हाला दगडाखाली राहणारा एक मासा मिळाला होता. वीतभरही नाही. पोटाला सुरकुत्या, त्या सुरकुत्यांनी तो वाहत्या पाण्यात दगडाला घट्ट चिकटतो. मी फोटो एका मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "हा मासा तुमच्या भागात नसतो. कृपया पुन्हा तपासावे."

आम्ही पुन्हा तपासलं. तोच मासा. पुन्हा कळवलं. पुन्हा तेच उत्तर. शेवटी ते म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो.

आले बिचारे. मोठा प्रवास करून आले, स्वभावानं सज्जन, पायात नवे गमबूट. मामा नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहिले, आम्ही सगळे काठावर. मामा वाकले, दोन्ही हात एका धोंड्याखाली घातले, जरा वेळ तसेच राहिले. मग ओंजळ वर काढली.

ओंजळीत तो मासा!

तज्ज्ञ खाली वाकून लांबूनच बघत म्हणाले, "हं. दिसायला तसा आहे. पण बाबा, एक सांगू का? तो मासा इथं नसतो."

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं. ओंजळीत पाहिलं.

"बरं," मामा म्हणाले. "नसंल तं मंग सोडून देतो."

आणि ओंजळ उघडली!

तज्ज्ञांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी कॉलेजच्या कुठल्याही परिसंवादात ऐकलेला नाही. नव्या गमबुटांसकट ते पाण्यात उतरले, दोन्ही गमबुटांत कयाधू भरली आणि ते ओरडू लागले, "अहो, धरा! धरा त्याला!"

मामांनी घाबरून माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, न्हाई म्हून यायनंच सांगितलं ना?"

साहेब दोन दिवस राहिले. दोन्ही दिवस मामांच्या शेजारी पाण्यात उभे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तसाच मासा परत मिळाला. या वेळी ओंजळ तज्ज्ञांची होती, आणि ती त्यांनी थेट बाटलीवरच उघडली.

*

औंढ्याहून हिंगोलीला येणाऱ्या एसटीत मी एकदा स्टीलच्या डब्यात सहा जिवंत मासे घेऊन बसले. हवा पुरवणारा पंप होता, पण गाडी सुटल्यावर दहा मिनिटांतच त्याची बॅटरी बसली. मासे वर येऊन तोंड उघडू लागले. मी डब्यात हात घालून पाणी हलवायला सुरुवात केली.

कंडक्टर आला. "काय हाय डब्यात?"

"मासे."

"वास येईल."

"जिवंत आहेत. पाणी हलवत राहिलं नाही तर मरतील."

त्यानं डब्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिकीट फाडून दिलं आणि पुढं जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, "हळू घ्या जरा. गाडीत लेकरं हायत."

शेजारी एक पागोटेवाले बाबा बसले होते. माझा हात दुखायला लागलेला त्यांनी पाहिला. "सरका," म्हणाले. सदऱ्याची बाही वर केली आणि डब्यात हात घातला. दोन गावं गेली तरी बाबा पाणी हलवत होते. मध्येच माशांशी बोलत होते, "झोपू नका रे, आलंच हिंगोली."

मग त्यांचं गाव आलं. बाबा उठले, पण डब्यातला हात काढेनात. मागच्या सीटवरच्या बाईंना म्हणाले, "ओ ताई, तुमी घ्या आता. मी उतरून राहिलो."

ती बाई मला ओळखत नव्हती, बाबांना ओळखत नव्हती, आणि डब्यात काय आहे तेही तिला माहीत नव्हतं. तिनं पदर खोचला आणि हात घातला! मग विचारलं, "काय हाय वो यात?"

हिंगोलीच्या स्टँडपर्यंत डबा चार हातांतून फिरला. सहाच्या सहा मासे जिवंत उतरले. मी आभार मानायला वळले तर ती शेवटची बाई ओला हात पुसत कंडक्टरला विचारत होती, "मला उतरायचं व्हतं ते गाव मागंच राहिलं का वो?"

*

कुलकर्णी सर शुद्ध शाकाहारी. घराण्यात पूजाअर्चा, अंड्याचा सुद्धा संबंध नाही. मी त्यांना चित्रांसाठी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मी मासा कधी धड पाहिलेला नाही. म्हणूनच काढतो."

त्यांच्या पत्नीनं एकच अट घातली. मासा घरी येणार नाही. म्हणून सर रोज कॉलेजच्या प्रयोगशाळेत येऊन बसत. पहिले दोन दिवस नाकाला रुमाल. तिसऱ्या दिवशी रुमाल खिशात. आठवड्याभरानं ते भिंगातून एका माशाच्या अंगावरची खवलं मोजताना दिसले.

एकदा मला म्हणाले, "या माशाच्या मधल्या रेघेवर किती खवलं असतात?"

मी पुस्तक बघून सांगितलं, "चोवीस."

"याला सव्वीस आहेत."

"सर, मोजताना चुकलं असेल."

सर परत भिंगाला डोळा लावून बसले. दुसऱ्या दिवशी परत म्हणाले, "सव्वीस." तिसऱ्या दिवशीही सव्वीस. शेवटी मी वैतागून स्वतः मोजायला बसले. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. सव्वीस!

सगळी पुस्तकं परत काढली. तो मासा वेगळाच निघाला. इतकी वर्षं मी त्याला भलत्याच नावानं हाक मारत होते. माझी चूक एका अशा माणसानं पकडली, ज्यानं आयुष्यात माशाचा घास घेतलेला नाही!

पण किस्सा हा नाही. किस्सा पुढं आहे.

सर एकदा माझ्यासोबत जवळा बाजारला आले. गयाबाईंसमोर एक गिऱ्हाईक मासा हातात घेऊन उभं होतं. सर चालता चालता थांबले. वाकले. चष्मा वर केला आणि अगदी शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "डोळा बघा. आत गेलाय. कल्ल्याचा रंग बघा, लाल नाही, तपकिरी आहे. हा कालचा आहे."

गिऱ्हाईकानं मासा खाली ठेवला आणि निघून गेलं.

गयाबाईंनी सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कपाळावरचं गंध पाहिलं.

"पंडितजी," त्या म्हणाल्या, "खायचं न्हाई ते न्हाई, निदान शिकू तरी नका!"

*

आता शेवटचा.

पुस्तक जवळजवळ तयार होतं. मामांना सगळी चित्रं दाखवायला आम्ही सिद्धेश्वरला गेलो. मामांना वाचता येत नाही. त्यांनी एकेक चित्र हातात घेतलं, बघितलं, मान हलवली. शेवटचं चित्र खाली ठेवून म्हणाले, "एक राहिला."

"कोणता?"

"नाव न्हाई माहीत. मी लहान होतो तवा धरण व्हायच्या आधी यायचा. मंग न्हाई दिसला."

कुलकर्णी सरांनी वही उघडली. "सांगा. मी काढतो."

मामा सांगत गेले, सर काढत गेले. तोंड जरा खाली. न्हाई, एवढं न्हाई. पाठ उंच. शेपटी अशी फाटलेली. अंगावर पिवळसर झाक, पण पाण्यात असला तरच. सर खोडत होते, परत काढत होते. असं तीनदा जाणं झालं. तिसऱ्या वेळी मामांनी चित्रातल्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "व्हय. असाच."

पण काहीतरी टोचत असावं. कागद परत देताना हात जरा रेंगाळला.

मी माझी सगळी पुस्तकं चाळली. तसा मासा कुठंच नव्हता. तज्ज्ञांनाही चित्र पाठवलं. या वेळी त्यांनी 'नसतो' म्हटलं नाही. "मला माहीत नाही," एवढंच कळवलं.

आता प्रश्न असा, की याला पुस्तकात घ्यायचं का? मी विरोधात होते. नमुना नाही, फोटो नाही, दुसरा साक्षीदार नाही. एका माणसाच्या लहानपणावर पान कसं छापायचं? रफिकभाई मामांच्या बाजूनं, सर मामांच्या बाजूनं. माझं मलाच वाईट वाटत होतं, पण शास्त्र म्हणजे शास्त्र. मी मामांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुमाला बराबर वाटंल तसं करा." त्यांचा आवाज इतका साधा होता की ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी ते चित्र पर्समध्ये घेऊन फिरू लागले. पूर्णेकाठच्या तीन गावांत म्हाताऱ्या माणसांना दाखवलं. सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली.

मग एका रविवारी मी माहेरी, आखाडा बाळापूरला गेले होते. तिथून पुढं कयाधूच्या काठावर एका वस्तीत भागाबाई नावाच्या म्हातारीकडं गेले. बाईंचं वय झालेलं, नजर अधू. पूर्वी नवऱ्याबरोबर नदीत जाळं लावायच्या. पूर्णा त्यांनी कधी पाहिली नव्हती, सिद्धेश्वर कुठं आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, काही सांगितलं नाही. फक्त चित्र हातात दिलं.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग उजेडाकडं तोंड करून बसल्या. खूप वेळ झाला. मला वाटलं, दिसत नसेल. मी हात पुढं केला.

"थांब," त्या म्हणाल्या. "याच्या मिशा काहून काढल्या न्हाईत?"

"मिशा?"

"दोन व्हत्या. बारक्या, तोंडाच्या खाली. हातावर घेतला का गुदगुल्या व्हायच्या."

मी चित्र पर्समध्ये ठेवलं आणि परत आले. कुणालाही काही बोलले नाही. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं तेच मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर बाहेर बाकावर भुजंगमामा बसलेले. धुतलेलं धोतर, हातात एसटीचं तिकीट. तीन वर्षांत ते कॉलेजात कधीच आले नव्हते.

"मामा? काय झालं?"

"सर कुठं हायत?"

तेवढ्यात कुलकर्णी सर जिना चढून आले. मामा उठून उभे राहिले.

"सर, पेन्सिल घ्या. त्या चित्रात एक राहिलं. किती दिवस आठवून राहिलो, आज पहाटं आठवलं."

मी पर्समधून चित्र काढून टेबलावर ठेवलं. सरांनी पेन्सिल घेतली.

मामांनी आपल्या हनुवटीखाली दोन बोटं धरली. मग ती बोटं काढून उजवा तळहात उघडला, आणि त्याच्याकडं बघत हसले.

"हितं गुदगुल्या करायचा."